नाझनीनची छाया

संघ रांचीहून हरून परतला त्याला आठवडा उलटून गेला होता, तरी दमयंती सरनोबतांना अजून मंडईत तोंड दाखवायची सोय नव्हती. कोथिंबिरीची जुडी हातात देताना भाजीवाली मावशी विचारायची, "ताई, शेवटचा गोल त्या पोरीनं उजव्या अंगानं का न्हाई हो काढला?" रिक्षावाला आरशातून बघत हेच विचारायचा. कोल्हापूर तसं कुस्तीचं आणि फुटबॉलचं गाव. पण 'करवीर वाघिणी' हा मुलींचा संघ राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये उतरला आणि गावाला याही खेळाचं वेड लागलं. वेड लागलेल्या गावाला पराभव समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. त्यातून हा पराभव उपांत्य सामन्यातला, आणि शूटआउटमधला.

शूटआउट म्हणजे नुसता जीव टांगणीला. बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी एकेक करून पुढे येतात. तेवीस मीटरच्या रेषेवर चेंडू, समोर एकटी गोलरक्षक आणि हातात आठ सेकंद. तेवढ्यात काय करायचं ते करा. करवीरची शेवटची खेळाडू होती नाझनीन मुजावर. संघातली सगळ्यांत अनुभवी. ती डावीकडे झुकली, उजवीकडे वळली, आणि चेंडू सरळ रांचीच्या गोलरक्षकाच्या पॅडवर जाऊन आदळला. संपलं. करवीर घरी.

आता पुढच्या मोसमात कोणाला ठेवायचं आणि कोणाला मोकळं करायचं, हे ठरवायला तिघं बसली होती. मुख्य प्रशिक्षक दमयंतीबाई, संघाचे मालक धैर्यशील इंगवले, आणि भिंतीवरच्या पडद्यापाशी संघाचा विश्लेषक ओजस केळुसकर. हा मालवणचा मुलगा हॉकीची स्टिक उलटी धरेल, पण खेळाडूंच्या छाया त्याच्याइतक्या चांगल्या देशात कोणी बनवत नव्हतं.

छाया म्हणजे खेळाडूची गणिती प्रतिकृती. माणूस एखादी हालचाल करायचं ठरवतो, त्याआधीच त्याचं शरीर तिचं गुपित फोडून टाकतं. घोट्यावर भार सरकतो, नजर क्षणभर भलतीकडे जाऊन येते, खांद्याचा स्नायू ताठरतो. खेळाडूला स्वतःलाही याचा पत्ता नसतो. कपाळावर बांधायची एक पट्टी आणि नडगीच्या पॅडमधल्या काही चकत्या हे सगळं टिपतात. वर्षानुवर्षं टिपलेलं हे सगळं यंत्राला शिकवलं, की ही खेळाडू अमुक प्रसंगी काय करेल, हे यंत्र सांगू लागतं. दर संघाच्या छाया एकमेकींशी पडद्यावर झुंजवायच्या, पुढचा मोसम हजार वेळा खेळून बघायचा आणि मग संघ निवडायचा, अशी आता लीगमध्ये पद्धतच पडली होती. गोलरक्षक मुली तर डोळ्यांना चष्मा लावून छायांसमोरच सराव करायच्या. समोर खेळाडू दिसायची, चेंडू मात्र यंत्र फेकायचं, खराखुरा.

चार जणींना मोकळं करायचं होतं. तीन नावं झटक्यात निघाली. त्यांच्याबद्दल कोणाला फार वाईटही वाटलं नाही. चौथ्या नावाला पडदा अडला.

"चौथी अशी कोणी निघत नाही," ओजस म्हणाला. "छायांच्या हिशेबानं बाकी सगळ्या राहाव्यात. नाझनीनताई तर राहायलाच हव्यात."

"नाझनीनला मोकळं करू या," दमयंतीबाई म्हणाल्या.

दोघांनाही ऐकलेलं खरं वाटेना. नाझनीन अकरा वर्षांची असताना दमयंतीबाईंनी तिच्या हातात पहिली स्टिक दिली होती. तिच्या अब्बांची समजूत त्यांनीच घातली होती. अर्ध्या चड्डीवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडायलाही त्याच गेल्या होत्या.

"एकतिशी उलटली तिची," त्या म्हणाल्या. "इथं पुढच्या वर्षी नव्या पोरी आल्या की ती बाकावर बसणार. नागपूरकरांकडे तिच्यासारखी कोणी नाही. तिथं ती पहिल्या अकरात खेळेल. दोन-तीन वर्षांचा खेळ उरलाय तिच्या पायांत, तो बाकावर बसून कशाला वाया घालवायचा?"

त्यांना वाटलं होतं, इंगवले तासभर तरी वाद घालतील. पण साहेब लगेच विरघळले. "बाई, तुमचीच पोर ती. तुम्ही म्हणताय तर देऊ मोकळीक."

ओजसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दमयंतीबाईंना ते दिसलं. पण आपलं म्हणणं इतक्या सहज मान्य झाल्याच्या आनंदात त्यांनी विचारलं नाही.

*

नाझनीनच्या घरी त्या स्वतः गेल्या. असली बातमी फोनवर द्यायची नसते, एवढी रीत त्यांना होती. नाझनीन ओट्यापाशी कांदा चिरत होती आणि तिच्या कपाळावर पट्टी होती.

"अगं, मोसम संपला की. अजून पट्टी कशाला?"

"तुम्हीच म्हटला होता की ताई. काढायची न्हाई, सवय व्हायला पायजे." नाझनीन हसली. "आता ती नसली की डोकं मोकळं मोकळं वाटतंय."

सहा वर्षांपूर्वी पट्ट्या आल्या, तेव्हा दमयंतीबाईंनी सगळ्याच मुलींना तसं बजावलं होतं. बाकीच्या पोरी बिलंदर. बाईंची पाठ वळली की पट्टी पिशवीत. घाम येतो, केस ओढले जातात, खाज सुटते, शंभर कारणं. नाझनीननं मात्र ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानली. जिना चढताना, बाजारात जाताना, भाचरांशी अंगणात खेळताना, सदानकदा पट्टी कपाळावर.

बातमी ऐकल्यावर तिच्या हातातली सुरी थांबली.

"माझं काय चुकलं का ताई? त्या शेवटच्या गोलापायी?"

"नाही गं. तुझ्या भल्यासाठीच म्हणतेय मी."

नाझनीननं उरलेला कांदा चिरून संपवला. "तुम्ही म्हणताय म्हंजे बरंच असणार," ती म्हणाली. "जातो मी नागपूरला." कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना जाते-येते म्हणत नाहीत, जातो-येतोच म्हणतात. नाझनीनही तशीच बोलायची.

*

करवीरची एक रीत होती. संघ सोडून जाणाऱ्या खेळाडूनं शेवटचा एक शूटआउट घ्यायचा. गोलरक्षकानं उगाच इकडे उडी मारायची, चेंडू तिकडून आत जाऊ द्यायचा. मग टाळ्या, मिठ्या, थोडी रडारड आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण. याला सगळे निरोपाचा गोल म्हणायचे. आजवर एकीचाही निरोपाचा गोल कोणी अडवला नव्हता.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून नागपूर संघाचे व्यवस्थापक प्रभाकर तिजारे बसले होते. करारपत्र त्यांच्या बॅगेतच होतं. नाझनीनच्या घरची माणसं आली होती. इंगवले साहेब आले होते.

शिट्टी वाजली. नाझनीननं चेंडू पुढे ढकलला आणि ती निघाली. समोर गार्गी पोवार, करवीरची तरुण गोलरक्षक. नाझनीन डावीकडे झुकली आणि उजवीकडे वळली. गार्गीनं उडी मारायला हवी होती डावीकडे. ती गेली उजवीकडे. चेंडू तिच्या पॅडला लागून मागे आला.

सगळे हसले. "अगं गार्गे, जेवण नको का तुला?" कोणीतरी ओरडलं. गार्गी स्वतःही ओशाळून हसली.

"परत," नाझनीन म्हणाली.

दुसऱ्या वेळी ती सरळ आली आणि अगदी शेवटी स्टिक उलटी फिरवून तिनं चेंडू वळवला. हा वार तिनं मोसमात एकदा-दोनदाच केला असेल. गार्गीची स्टिक तिथं आधीच येऊन थांबली होती.

आता कोणी हसलं नाही.

"गार्गी, खेळ थांबव," दमयंतीबाई ओरडल्या. "जाऊ दे आत!"

"जाऊच देतोय ओ ताई!" गार्गी कळवळून ओरडली. "माझं पाय आपोआप जायला लागल्यात!"

"परत," नाझनीन म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिसऱ्या वेळी तिनं जे केलं, ते दमयंतीबाईंनीही कधी पाहिलं नव्हतं. ती मध्येच थबकली, चेंडूवरून पाय टाकला, पाठ फिरवली आणि गिरकी घेऊन मारला. ती थबकलेली दिसताच गार्गीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. सगळ्यांनी ते पाहिलं. तरी तिचा उजवा पाय बाहेर सरकला, आणि चेंडू त्या पायावर येऊन आपटला.

गार्गी गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडत होती. नाझनीन रडत नव्हती. ते हात दुसऱ्याच कोणाचे असावेत, तशी ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

तिजारे उठले. समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतलाही नव्हता. दमयंतीबाई त्यांच्या मागे धावल्या.

"मॅडम, पोरगी लय गुणाची आहे जी," ते गाडीचं दार उघडत म्हणाले. "पण तिची छाया तुमच्या संघाजवळ राहणार. आज तुमच्या पोरीनं अडवलं, उद्या तुमच्याकडून छाया घेऊन कोणीबी अडवेल. मी तिले घेऊन काय करू, सांगा बरं?"

*

ओजस छायांच्या खोलीत दिवा न लावता बसला होता. दमयंतीबाईंनी दार ढकललं.

"तुला माहीत होतं."

"होतं." तो मान खाली घालून म्हणाला. "बैठकीत बोलणारही होतो. साहेबांनी डोळे वटारले."

मग त्यानं सगळं सांगितलं. छाया नेमकी व्हायची तर माहिती अखंड लागते. बाकी मुलींची माहिती तुकड्यातुकड्यांत होती. त्यांच्या छाया दहातल्या सहा वेळा बरोबर ठरत. नाझनीनची सहा वर्षांची माहिती सलग होती. खेळतानाची होती, जिना चढतानाची होती, दचकतानाची होती, कांदा चिरतानाचीसुद्धा होती. जगात कुठल्याही खेळाडूची इतकी पुरी छाया नव्हती. म्हणूनच गार्गी चार महिने रोज सकाळी त्या छायेसमोर सराव करत होती. सगळ्यांत चांगली गुरू तीच होती.

"पण गिरकी? ती तर तिनं जन्मात कधी मारली नव्हती."

"खेळात नाही मारली. भाचरांबरोबर अंगणात मारली असेल. छायेला ती ठाऊक होती. ती गार्गीसमोर आठवड्यातून एकदा तरी मारायचीच."

दमयंतीबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांचं ऐकलं नाही, त्या सगळ्या पोरी सुटल्या होत्या. पट्टी पिशवीत टाकणाऱ्या, थापा मारणाऱ्या, बोलणी खाणाऱ्या सगळ्या. जिनं शब्द पाळला, तीच एकटी अडकली होती. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर?

दुसऱ्या दिवशी त्या इंगवल्यांकडे गेल्या. छाया पुसून टाका म्हणाल्या. विनवण्या केल्या, मग भांडल्या, राजीनाम्याची धमकीही दिली.

साहेब चिडले नाहीत, हेच जास्त भयंकर होतं. "बाई, कायद्यानं छाया बनवणाऱ्याची असते. नाझनीन दोन वर्षांनी थकेल. तिची छाया थकायची नाही. पुढची पन्नास वर्षं आमच्या गोलरक्षक तिच्यासमोर तयार होतील. म्हणून तर तुम्ही तिला सोडा म्हणालात, तेव्हा मी अडवलं नाही. आम्हाला जे पाहिजे होतं, ते आमच्याकडे आहेच की."

दमयंतीबाईंनी आयुष्यात खूप पराभव पचवले होते. पण हा मान्य करायला त्या तयार नव्हत्या.

*

मग त्यांनी एकच ध्यास घेतला. नाझनीनला नव्यानं घडवायचं. पट्टी आधी काढून फेकायला लावली. शहराबाहेर, कळंब्याच्या बाजूला एका शाळेचं मैदान मिळालं. सकाळ-संध्याकाळ दोघी तिथं राबू लागल्या. स्टिकवरची पकड बदलली. धावण्याची लय बदलली. डाव्या पायानं सुरुवात करायची ती उजव्यानं. नाझनीनचे हात सोलून निघाले, कंबर धरली, पण ती हूं की चूं करत नव्हती. दमयंतीबाईंना वाटू लागलं, जमतंय. ही नाझनीन कोणी ओळखणार नाही.

आषाढ संपता संपता एका रविवारी इंगवले पुण्याला गेलेले असताना ओजसनं गुपचूप गार्गीला आणि नाझनीनची छाया भरलेल्या यंत्राला त्या मैदानावर आणलं. यंत्र नाझनीनकडे बघून आधीच अंदाज सांगणार आणि गार्गीच्या कानात उजवं, डावं, खाली, वर असं बोलणार. दहा शूटआउट घ्यायचे ठरले.

पहिला अडला. दुसरा अडला. तिसरा गोल झाला, तेव्हा दमयंतीबाई लहान मुलीसारख्या उड्या मारू लागल्या. मग चौथा अडला, पाचवा, सहावा. दहा होईपर्यंत गोल एकच झाला, आणि तोही नाझनीनचा पाय घसरल्यामुळे.

"असं कसं?" दमयंतीबाईंनी ओजसचा दंडच धरला. "हे सगळं नवीन आहे! मागच्या सहा वर्षांत यातलं काहीच नव्हतं!"

ओजसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सांगायला त्याच्या जिवावर आलं होतं.

"बाई, पट्टीतून नाझनीनताईंच्या कानात सामन्याला आणि सरावाला तुमचा आवाज असायचा. तोही माहितीत गेलाय. तुम्ही कधी काय सांगता आणि तुम्ही सांगितलं की ताई काय करतात, हे छाया सहा वर्षं शिकलीय. ताई चुकल्या की तुम्ही कसं सुधारता, ते तिला ठाऊक आहे. तुम्ही नवीन काय शिकवाल, तेसुद्धा तिला जवळजवळ कळतं." तो अडखळला. "त्या छायेत तुम्ही पण आहात."

दमयंतीबाईंनी त्याचा दंड सोडला. त्यांनी नाझनीनकडे पाहिलं. ती सगळं ऐकत शांतपणे नडगीचे पॅड सोडत होती.

"ताई," ती म्हणाली, "आता मला तुम्ही काय शिकवू नका."

"अगं, अजून एक महिना दे. दुसरा काहीतरी मार्ग काढू आपण."

"तुम्ही काढला तर तो त्या छायेला ठाऊक असणारच की." नाझनीनचे डोळे भरून आले होते, पण आवाज घट्ट होता. "झारखंडात सिमडेग्याला एक म्हातारे मास्तर हायत. बांबूच्या काठ्यांनी पोरी खेळवत्यात. मी त्यांच्याकडं जातो. तुम्ही मला फोन करू नका. कसं चाललंय इचारू नका. तुम्ही इचारलं की मी सांगणार, मी सांगितलं की तुम्ही चूक काढणार, आणि मग मी परत तुमच्यासारखीच खेळायला लागणार."

वीस वर्षांत नाझनीननं त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. राग यायला हवा होता, तो आला नाही. आतून काहीतरी उपटून निघावं तसं झालं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि सोडलं.

"जा," त्या म्हणाल्या.

*

त्यांनी राजीनामा दिला नाही. करवीरमध्ये अजून पंचवीस पोरी होत्या आणि त्यांना सांभाळणारं कोणीतरी हवं होतं. दमयंतीबाई आता सराव सुरू व्हायच्या आधी रांगेनं सगळ्यांच्या पट्ट्या काढून घ्यायच्या आणि स्वतःच्या पिशवीत भरायच्या. इंगवले चिडायचे, चिठ्ठ्या पाठवायचे. बाई लक्ष द्यायच्या नाहीत.

फोन त्यांनी एकदाही केला नाही. रोज संध्याकाळी हात फोनकडे जायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या. ही शिक्षा दुसऱ्या कोणी दिली असती तर त्यांनी ती झुगारलीही असती, पण ही तर त्यांच्या पोरीनं मागितली होती.

थंडी पडल्यावर एका दुपारी फोन वाजला. नाव बघताच दमयंतीबाईंनी तो उचलला.

"ताई, नागपूरला चाचणी झाली," नाझनीन म्हणाली. तिला धाप लागली होती, हसूही येत होतं. "तिजारे साहेबांनी छाया भाड्यानं मागवली होती, आपल्याच संघाकडनं. त्यांच्या गोलरक्षकाच्या कानात लावून माझ्यापुढं उभी केली. आठ गोल मारले, ताई! दहातले आठ! ती बिचारी नुसती भलतीकडंच उड्या मारत होती. मला घेतलं त्यांनी. पहिल्या अकरात."

दमयंतीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. "शाब्बास गं माझ्या राणी," त्या म्हणाल्या. "आणि शेवटचा? तो कसा मारलास? आधी कुठून वळलीस?"

पलीकडचं हसू थांबलं.

"ताई," नाझनीन हळूच म्हणाली, "तुम्ही करवीरच्या हाय की ओ. ते तुम्हाला न्हाई सांगता यायचं."

पहिला गोल मारलेल्या दिवसापासून आजवर ही पोर प्रत्येक गोल दमयंतीबाईंना येऊन सांगत आली होती. कुठला पाय, कुठली नजर, चेंडू कसा सुटला, बारीकसारीक सगळं, जेवण थंड होईपर्यंत.

"बरोबर आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "नको सांगूस. मला तर मुळीच नको."

फोन ठेवून त्या तिथंच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले आणि गोल डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. नाझनीन धावत येताना दिसली, चेंडू दिसला, गोलरक्षक दिसली. त्यापुढचं मात्र, किती वेळा प्रयत्न केला तरी, त्यांना काही म्हणजे काहीच दिसेना.